विंडोज ७ वरची पानजुळणी: मुदत संपलेली मशिनं सुरक्षित चालवण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५ – गणती

छापखान्यात पाच मशिनं. दिवाळी अंकांचं काम उरकलं आहे, लग्नपत्रिकांची गर्दी महिनाअखेरीस वाढेल. काम त्याआधी संपवायचं आणि एका वेळी एकच मशिन बंद ठेवायचं, एवढी अट आहे.

पानजुळणी-१ आणि पानजुळणी-२: दोन्हींवर विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिट, सर्व्हिस पॅक १. 'विनव्हर' चालवलं की आवृत्ती ६.१, बिल्ड ७६०१ दिसतं. आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क. दोन्हींवर पेजमेकर ७ (पानं मांडण्याचा जुना प्रोग्रॅम) आणि युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताआधीच्या, मराठी फॉन्टचं पॅकेज. पॅकेजला लॉक लागतं, म्हणजे परवाना ओळखणारी छोटी डबी पोर्टला लावलेली हवी. पहिल्याचं लॉक जुन्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टवर बसतं, दुसऱ्याचं यूएसबीवर.

हिशेब, मेल आणि डिझाइन: तिन्हींवर विंडोज १० प्रो, २२एच२, बिल्ड १९०४५.

विंडोज ७ चे सर्वांसाठीचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. पैसे भरून मिळणारे अपडेटही १० जानेवारी २०२३ ला संपले. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. कागदोपत्री पाचही मशिनं मुदतीबाहेर आहेत, पण दुखणी वेगळी. विंडोज १० ला अजून पैसे देऊन पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट) मिळतात किंवा दुसरी यंत्रणा टाकता येते. विंडोज ७ ला पॅच कुठूनच येणार नाहीत, आणि यंत्रणा बदलली की फॉन्टचं पॅकेज बंद पडतं. प्रिंटर पोर्टच्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटी आणि बिनसहीचा आहे. ६४ बिट विंडोज असा ड्रायव्हर गाभ्यात घेत नाही. पॅकेजचा इन्स्टॉलर तर १६ बिटी आहे, तो ६४ बिटवर उघडतही नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं.

'चांगला अँटिव्हायरस टाका, झालं' हा सल्ला अशा ठिकाणी नेहमी मिळतो. तो इथे पुरा पडत नाही. अँटिव्हायरस ओळखीची फाइल पकडतो. यंत्रणेच्या गाभ्यातलं भोक तो बुजवत नाही, आणि इथली भोकं २०२० पासून नुसती साठत चालली आहेत. म्हणून विंडोज ७ च्या आत कमी आणि त्याच्या भोवती जास्त काम करायचं. त्या मशिनपर्यंत पोहोचणाऱ्या वाटा मोजल्या: लॅनची वायर, वायफायचा डोंगल, पेनड्राइव्ह, सीडी, आणि ॲडमिन खात्यात बसून दिवसभर काम करण्याची सवय. पुढच्या नोंदी या पाच वाटांच्या आहेत.

४ नोव्हेंबर – आधी डिस्क, मग बाकीचं

कशालाही हात लावण्याआधी पूर्ण डिस्कची प्रत. लाइव्ह लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून पानजुळणी-१ सुरू केलं आणि डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचली. क्रमांक ५ (बदललेले सेक्टर) शून्य, पण क्रमांक १९७ (वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर) २४. अशा डिस्कवर साधा क्लोन करायला गेलं की पहिल्या खराब सेक्टरपाशी काम थांबतं आणि सगळं पुन्हा सुरू करावं लागतं. म्हणून डीडीरेस्क्यू वापरलं; ते खराब डिस्कवरून मिळेल तेवढं वाचून घेतं.

जुनी डिस्क आणि नवी ४८० जीबी एसएसडी दोन्ही थेट साटा पोर्टला लावल्या. या बोर्डाचे यूएसबी पोर्ट २.० आहेत, त्यातून सेकंदाला ३० एमबीच्या वर जात नाही; ३२० जीबीला तीन तास गेले असते. साटावरून सव्वा तासात झालं. पहिली फेरी 'एन' पर्याय देऊन घेतली, म्हणजे अडलेल्या जागा तो सोडून पुढे जातो आणि धड भाग आधी हाती येतो. मरू घातलेल्या डिस्कवर हाच क्रम हवा. खराब जागी पुन्हा पुन्हा घासत बसलं तर उरलेली डिस्कही जाते. पहिल्या फेरीनंतर १२ केबी न वाचलेलं राहिलं, म्हणजे ५१२ बाइटचे तेच २४ सेक्टर. दुसरी फेरी तीन प्रयत्नांची. त्यात २० सेक्टर आले, ४ राहिले. ते चार कोणत्या फाइलचे, हे एनटीएफएसक्लस्टर या साधनाने काढलं: हायबरनेशनच्या फाइलमधले. ती फाइल विंडोज नव्याने बनवतं, नुकसान शून्य.

डीडीरेस्क्यूला मॅप फाइल (वाचलेल्या-राहिलेल्या जागांची नोंद) दिलीच पाहिजे आणि ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायची. ती नसेल तर दुसरी फेरी कुठून सुरू करायची हे त्याला कळत नाही. आणि आधी मूळ, मग नवी, हा क्रम उलटला तर रिकामी एसएसडी भरलेल्या डिस्कवर ओतली जाते. म्हणून आज्ञा देण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहून पडद्याशी ताडले.

एसएसडीवरून पहिल्यांदा सुरू करताना बायोस (बोर्डाची मूळ मांडणी) 'आयडीई'वरच, म्हणजे डिस्कशी बोलायच्या जुन्या पद्धतीवर, ठेवलं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) 'एमएसएएचसीआय' सेवेचा 'स्टार्ट' ३ होता, तो ० केला, मशिन बंद केलं, मग बायोसमध्ये 'एएचसीआय' ही नवी पद्धत निवडली. आधी बायोस बदललं तर निळा पडदा आणि ७बी ही चूक. कितीतरी चांगली मशिनं याच पायरीवर 'विंडोज उडालं' म्हणून फॉरमॅट होतात. बायोस परत आयडीईवर आणलं की तेच विंडोज उघडतं.

जुन्या डिस्कवर तारीख घातली, ती कपाटात ठेवली. ती परत मशिनला लावायची नाही.

६ नोव्हेंबर – शेवटचे अपडेट, योग्य क्रमाने

नेटवरून काढायचं मशिन अपडेट कशाला करायचं? कारण पेनड्राइव्ह येत राहणार. पेनड्राइव्हवाटे येणारी बरीच जुनी किडे-मंडळी २०१० ते २०१९ मधल्या, पॅच निघालेल्या भोकांवरच जगतात. फोल्डर नुसतं उघडून चिन्ह दिसताच चालणारं शॉर्टकटचं भोक ऑगस्ट २०१० मध्ये बुजवलं गेलं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीखोर किड्याने जी वाट वापरली तिचा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच निघाला होता. आरडीपीतलं, म्हणजे दुरून मशिन चालवायच्या सोयीतलं, ब्लूकीप नावाचं भोक मे २०१९ चं.

पानजुळणी-१ वर अपडेट २०१६ च्या सुरुवातीला थांबले होते. मशिन नेटला न जोडता सगळ्या फाइल डिझाइन मशिनवर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून घेतल्या, प्रत्येकीच्या गुणधर्मांत डिजिटल सही तपासली आणि 'एक्स८६' म्हणजे ३२ बिटच्याच निवडल्या. चुकून ६४ ची घेतली तर 'हा अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' एवढंच दिसतं, कारण कळत नाही.

क्रम असा (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट-क्रमांक). केबी३०२०३६९, मग केबी३१२५५७४. एप्रिल २०१६ पर्यंतचं बहुतेक सगळं या एकाच गाठोड्यात येतं. रीस्टार्ट. केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९. हे दोन विंडोजला शा-२ या नव्या पद्धतीच्या डिजिटल सह्या ओळखायला शिकवतात. रीस्टार्ट. केबी४५३६९५२, आणि शेवटी केबी४५३४३१०, म्हणजे जानेवारी २०२० चा एकत्रित अपडेट. शा-२ चे दोन वगळून थेट शेवटचा चढवला तर तो ८००९२००४ ही चूक देऊन माघारी फिरतो. शेवटच्या अपडेटनंतर भिंतचित्र 'स्ट्रेच' असेल तर डेस्कटॉप काळा होतो. ही माहीत असलेली चूक आहे, केबी४५३९६०२ टाकल्यावर जाते. कुणी 'मशिन बिघडलं' म्हणून घाबरू नये यासाठी नोंदवलं.

एकूण साडेतीन तास. 'कॉन्फिगर होत आहे, ३५%' वर वीस मिनिटं थांबल्यासारखं वाटतं. त्या वेळी बटण दाबून बंद करायचं नाही. यूपीएसची बॅटरी आधी तपासून घेतली.

पैसे भरलेल्यांसाठीचे २०२० ते २०२३ मधले अपडेट न भरता चढवून देणाऱ्या स्क्रिप्ट सापडतात. वापरायच्या नाहीत. ज्या मशिनला जपायचं त्याच्यावर अनोळखी माणसाची फाइल सर्वोच्च हक्कांनी चालवणं म्हणजे कुंपणाची किल्ली वाटेवरच्या माणसाला देणं.

८ नोव्हेंबर – लॅन तोडली, छपाईची वाट बदलली

वेगळा नेटवर्क-विभाग करून दोन्ही मशिनं त्यात ठेवण्याचा विचार झाला. इथला आठ पोर्टचा स्विच साधा आहे, त्यात विभाग पडत नाहीत. तसा स्विच घेतला असता तरी त्याची मांडणी कोण सांभाळणार, हा प्रश्न उरतो. वायर तोडणं सोपं आहे, आणि तुटलेली आहे की नाही हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं.

वायर काढणं पुरत नाही. घाईच्या दिवशी कुणीतरी 'दोनच मिनिटं' म्हणून लावतंच. म्हणून बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टर डिसेबल केलं, आणि पोर्टमध्ये वायर नसलेला रिकामा आरजे-४५ प्लग बसवून त्याच्या प्लास्टिकच्या जिभेचं बाहेर राहिलेलं टोक कापून टाकलं. दाबायला टोक नसल्यावर तो बोटांनी निघत नाही, पातळ स्क्रू-ड्रायव्हर घालावा लागतो. तेवढा अडथळा पुरे आहे.

आरडीपी, रिमोट असिस्टन्स, सर्व्हर सेवा बंद. रजिस्ट्रीत एसएमबी१ (नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याची जुनी पद्धत) शून्य. प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) मात्र बंद करता येत नाही, नाहीतर छपाईच बंद. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या मांडणीत) त्याला बाहेरच्या जोडण्या घेण्यास मनाई केली.

आता प्रिंटर. बटर पेपरवर पॉझिटिव्ह काढणारा लेझर प्रिंटर लॅनवर होता. तो पानजुळणी-१ ला थेट यूएसबीने जोडला. पार्टीला दाखवायच्या पीडीएफसाठी वेगळी वाट आहे. पेजमेकरच्या प्रिंट खिडकीत पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय आहे, त्याखालीच फॉन्ट सोबत पाठवण्याचा. तिथे ट्रूटाइप आणि टाइप-१ दोन्ही निवडायचे. ते विसरलं तर दुसऱ्या मशिनवर फॉन्ट नसल्याने मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी येते आणि दोष पीडीएफला दिला जातो. पोस्टस्क्रिप्ट फाइल डिझाइन मशिनवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ होते. घोस्टस्क्रिप्ट ९.५० पासून सुरक्षित पद्धत आपोआप चालू असते, त्याआधीची आवृत्ती असेल तर बदलून घ्यावी. पोस्टस्क्रिप्ट ही नुसती चित्रफाइल नसून चालणारी भाषा आहे, तिच्यातून फाइली वाचता-लिहिता येतात.

११ नोव्हेंबर – पेनड्राइव्ह

सगळ्यात मोठी वाट हीच. गिऱ्हाईक फोटो आणि मजकूर पेनड्राइव्हवर आणतं. त्यातल्या एकावर आज हे दिसलं: 'लग्न फोटो' नावाचं फोल्डर, पण चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण आणि आकार १ केबी. फोल्डर १ केबीचं नसतं. तो शॉर्टकट होता. त्याच्या 'टार्गेट'मध्ये आधी एक लपलेली स्क्रिप्ट चालवायची आज्ञा, नंतर खरं फोल्डर उघडायची. खरं फोल्डर लपवलेलं आणि 'सिस्टिम' खूण लावलेलं. डबलक्लिक करणाऱ्याला फोटो दिसतात, त्यामुळे काही झालं असं वाटतच नाही.

यापुढे गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त मेल मशिनला लागेल (तिथे लिनक्स येणार आहे, नोंद २२ नोव्हेंबर पाहा). तिथून पीएमडी, पी६५, टीएक्सटी, टिफ, ईपीएस, जेपीजी एवढेच प्रकार छापखान्याच्या हिरव्या पेनड्राइव्हवर चढतात. हिरवा आत न्यायला, लाल बाहेर आणायला. हिरव्याला बाजूला लिहिणं बंद करायची कळ आहे. पानजुळणीला लावण्याआधी ती सरकवायची, म्हणजे त्या मशिनवर काही असलंच तरी परत येताना चिकटत नाही. कळ असलेले पेनड्राइव्ह थोडे महाग पडतात, पण दोन मशिनांना मिळून दोनच लागतात.

नियम माणसांवर सोडला नाही. ग्रुप पॉलिसीत 'यादीत नसलेली उपकरणं बसवू नका' चालू केलं आणि दोन पेनड्राइव्ह यादीत घातले. इथे बरेच जण अडकतात. पेनड्राइव्ह विंडोजला तीन थरांत दिसतो: यूएसबी उपकरण, साठवण, आणि त्यावरचा व्हॉल्यूम. तिन्हींचे हार्डवेअर आयडी यादीत हवेत. पहिले दोनच दिले तर पेनड्राइव्ह 'बसला' म्हणतो पण ड्राइव्हचं अक्षर येत नाही. क्रमही जपायचा: आधी परवानगीची यादी, मग मनाई. आणि 'ॲडमिनला सूट' हा पर्याय चालू ठेवायचा, नाहीतर माउस बदलला की नवा माउस घेत नाही आणि तो सुरू करायला माउसच नाही. पानजुळणी-१ वर गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड कायमचा ठेवला आहे. यूएसबी लॉक एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावलं तरी विंडोज त्याला नवं उपकरण समजू शकतं. म्हणून लॉकच्या पोर्टभोवती पांढऱ्या रंगाने गोल केला.

ऑटोरन (ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप चालणं) सगळ्या ड्राइव्हसाठी बंद, किंमत २५५. विंडोज ७ साध्या पेनड्राइव्हवरून ऑटोरन करत नाही हे खरं, पण काही पेनड्राइव्ह स्वतःचा एक भाग सीडी म्हणून दाखवतात आणि सीडीला ती सूट असते. सीडी ड्राइव्हची केबल काढून ठेवली.

१४ नोव्हेंबर – कोणता प्रोग्रॅम चालेल

विंडोज ७ प्रोफेशनलमध्ये ॲपलॉकर (कोणते प्रोग्रॅम चालतील ते ठरवणारी सोय) लागू होत नाही, ते एंटरप्राइझ आणि अल्टिमेटमध्ये. पण सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी आहे, आणि जुन्या मशिनसाठी यापेक्षा कामाची दुसरी गोष्ट नाही. मूळ पातळी 'डिसअलाउड': यादीत नाही ते चालणार नाही. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या दोन फोल्डरांना परवानगी आपोआप असते.

पहिल्यांदा लावलं तेव्हा स्टार्ट मेनूतलं काहीच उघडेना. कारण 'एलएनके' म्हणजे शॉर्टकट हा प्रकारही चालणाऱ्या फाइलींच्या यादीत असतो. तो यादीतून काढला. मूळ प्रोग्रॅम परवानगीच्या फोल्डरात असेल तरच शॉर्टकट चालतो, म्हणून सुरक्षितता जात नाही.

विंडोजच्या फोल्डरातही काही कोपरे साध्या वापरकर्त्याला लिहायला मोकळे असतात: टेम्प, टास्क्स, आणि स्पूलखालचं रंग-प्रोफाइलचं फोल्डर. त्यांना स्वतंत्र नकार दिला.

पेजमेकर डी ड्राइव्हवर टाकलेलं होतं, त्याला मार्ग-नियम लागला. इथे एक पेच आहे. पेजमेकर आपल्या सेटिंगची सीएनएफ फाइल स्वतःच्याच फोल्डरात लिहितं. साध्या खात्यातून चालवलं की सेटिंग टिकत नाही, आणि मग 'ॲडमिननेच चालवा' हा सोपा मार्ग निघतो. तसं न करता त्या एकाच फाइलला बदलण्याचा हक्क दिला, फोल्डरला नाही. जिथून प्रोग्रॅम चालतो तिथे वापरकर्त्याला नवी फाइल टाकता येता कामा नये. हे दोन हक्क एका फोल्डरात एकत्र आले की सगळी पॉलिसी फुकट.

फॉन्ट पॅकेजचा कीबोर्ड चालक साध्या खात्यातून सुरू होतो. नवे फॉन्ट बसवायला मात्र ॲडमिन लागतो. ॲडमिनचा पासवर्ड लिफाफ्यात, लिफाफा हिशेबाच्या कपाटात.

चाचणी: कॅल्क्युलेटरची फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून चालवली. अडवली. ॲप्लिकेशनच्या इव्हेंट लॉगमध्ये ८६५ ही नोंद आली. महिन्यातून एकदा लॉगमध्ये ८६५ आणि ८६६ शोधायचे. ज्या दिवशी छापखान्याने काही नवं टाकलेलं नाही त्या दिवशी नोंद सापडली तर हिरवा पेनड्राइव्ह तपासायचा.

१९ नोव्हेंबर – पानजुळणी-२ आभासी केलं

आभासी मशिन म्हणजे एका यंत्रणेच्या आत प्रोग्रॅम म्हणून चालणारा दुसरा संगणक. याचं लॉक यूएसबीचं, म्हणून हा मार्ग मोकळा होता. प्रिंटर पोर्टचं लॉक आभासी मशिनात भरवशाने पोहोचत नाही, म्हणून पानजुळणी-१ खऱ्या मशिनवरच राहील.

त्याच संगणकात रॅम ८ जीबी केली, नवी एसएसडी घातली, लिनक्स मिंट २२ आणि व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. जुनं विंडोज डिस्क२व्हीएचडीने आधीच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. विंडोज ७ च्या परवान्यात, ज्या संगणकासाठी परवाना आहे त्याच संगणकावर थेट न चालवता एका आभासी मशिनात चालवायची मुभा आहे. दुसऱ्या संगणकावर नेलं तर ती लागू नाही, म्हणूनच हाच डबा ठेवला.

पहिल्या सुरुवातीला ७बी. व्हर्च्युअलबॉक्स विंडोज ७ ला साटा नियंत्रक देतो आणि हे विंडोज आयडीईवर बसवलेलं होतं. डिस्क आयडीई नियंत्रकाला लावली, चालू झालं. लॉक यादीत दिसेना. लिनक्सचं खातं 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात नव्हतं. गटात घालून लॉगआउट-लॉगइन केल्यावर दिसलं.

पाहुण्याला, म्हणजे आतल्या विंडोजला, २ जीबी रॅम, नेटवर्क ॲडॉप्टर काढून टाकलेला. स्वच्छ अवस्थेचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे मशिन त्या क्षणी जसं आहे तसं गोठवून ठेवलं. रोज सकाळी सुरू होण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट मशिन त्या स्नॅपशॉटवर आणते. काल काही घुसलं असलं तरी आज ते नाही.

पण त्यात कालचं कामही जाईल. म्हणून २० जीबीची दुसरी आभासी डिस्क जोडली आणि तिचा प्रकार 'राइटथ्रू' ठेवला. या प्रकारावर स्नॅपशॉटचा परिणाम होत नाही. पीएमडी फाइल फक्त तिथे. शेअर्ड फोल्डरात थेट काम करायचं नाही; पेजमेकर पान बदललं की मधूनमधून स्वतः साठवत राहतं, फाइल उघडीच धरून ठेवतं, आणि शेअर्ड फोल्डरावर ते अडखळतं. 'येणारं' फोल्डर फक्त वाचण्यापुरतं, 'जाणारं' लिहिण्यासाठी.

नवा फॉन्ट टाकला की स्नॅपशॉट नव्याने घ्यायचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी फॉन्ट गायब, आणि पत्रिका दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते.

२२ नोव्हेंबर – विंडोज १० ची तीन मशिनं

तिन्हींना तीन वेगळी उत्तरं.

डिझाइन: आठव्या पिढीचा आय५, म्हणजे विंडोज ११ ला पात्र. तपासणी 'टीपीएम नाही' म्हणत होती; टीपीएम म्हणजे विंडोज ११ ला लागणारा सुरक्षेचा भाग. तेच काम करणारं इंटेल पीटीटी बायोसमध्ये बंद होतं, चालू केलं. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, ती नव्या जीपीटी पद्धतीची करायची होती. एमबीआर२जीपीटीने आधी नुसती तपासणी करून घेतली, ती नापास झाली. चार मुख्य पार्टिशन होती आणि हे साधन तीनपर्यंतच चालतं. कंपनीचं जुनं रिकव्हरी पार्टिशन काढलं, रूपांतर झालं, मग बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर. हा बायोसचा बदल रूपांतरानंतर लगेच करावा लागतो, नाहीतर डिस्क सापडत नाही.

मेल: चौथ्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ मिळणार नाही. कामं ब्राउझर, मेल आणि पेनड्राइव्ह तपासणी. लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवरची स्क्रिप्ट विंडोजसाठी लिहिलेली असते, इथे ती नुसती मजकुराची फाइल.

हिशेब: हाही चौथ्या पिढीचा, आणि हिशेबाचं पॅकेज विंडोजच मागतं. व्यवसायासाठीचे वाढीव अपडेट पहिल्या वर्षी मशिनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, तीन वर्षांपर्यंत. ६१, १२२, २४४, मिळून ४२७ डॉलर. दुसऱ्या वर्षी जागं झालं तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. तेवढ्यात आठव्या पिढीचा वापरलेला चांगला डबा येतो. म्हणून शिफारस: पहिल्याच वर्षाचे भरा आणि ऑक्टोबर २०२६ आधी डबा बदला. घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि स्वस्त आहे, पण ती धंद्याच्या मशिनसाठी नाही.

विंडोज १० वर डिफेंडरचे, म्हणजे त्यातल्याच अँटिव्हायरसचे, अपडेट मुदत संपल्यावरही येत राहतात, त्यामुळे हिरवी टिक दिसत राहते. ती टिक फक्त डिफेंडरची. यंत्रणेचे पॅच येतात की नाही हे विंडोज अपडेटच्या इतिहासातच पाहायचं: या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतरची नोंद आहे का.

२८ नोव्हेंबर – जुन्या फाइली बाहेर काढणं

पानजुळणी-१ जिवंत ठेवायचं खरं कारण त्यातल्या फाइली: १,१८० पीएमडी आणि पी६५. स्मरणिका, पंचांगं, गावोगावच्या मंडळांचे अहवाल. मशिन कितीही जपलं तरी प्रिंटर पोर्टचं लॉक एक दिवस मरणार, आणि ते बदलून मिळणार नाही. हे काम सुरक्षेचंच आहे.

दोन गोष्टी काढायच्या: जशीच्या तशी पीडीएफ, आणि युनिकोडमधला मजकूर. पीडीएफ पोस्टस्क्रिप्टवाटे, तासाला साधारण १२ फाइली. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या नंतरच्या प्रोग्रॅमच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडतात, त्यापुढच्या नाही. सीएस६ उपलब्ध असेल तर मांडणीही टिकते.

मजकुराचं रूपांतर नाजूक आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षराचा क्रम दिसण्याप्रमाणे असतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप झालेली, रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. रूपांतरक साध्या शब्दांत बरोबर चालतो, पण 'स्थिती', 'मूर्ती', 'शार्विल' अशा ठिकाणी वेलांटी किंवा रफार एक घर सरकतो. जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की हमखास. दुसरी जागा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' होऊन बसतं, आणि नजरेला पटकन कळत नाही, कारण दोन्ही 'र'च दिसतात. प्रत्येक फाइलमध्ये 'र्य' आणि 'र्ह' शोधून हाताने पाहायचं. 'सूर्य', 'कार्य', 'आर्य' बरोबर आहेत, म्हणून सगळं एकदम बदलायला जायचं नाही.

पंचांगाच्या फाइलींत अंक हा वेगळा घोळ. काही पानांवर अंक वेगळ्या फॉन्टमध्ये आहेत, आणि नुसता मजकूर निर्यात केला की कोणता तुकडा कोणत्या फॉन्टचा ही माहिती जाते. तिथे ७ च्या जागी भलतंच चिन्ह येतं. पंचांगाचा मजकूर पीडीएफशी ओळीओळीने ताडल्याशिवाय स्वीकारायचा नाही.

३ डिसेंबर – पुन्हा उभं करण्याची चाचणी

प्रत आहे म्हणजे काम झालं असं नाही, ती उतरवून पाहिली पाहिजे. पानजुळणी-१ ची क्लोनझिलाने (डिस्कची प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमने) घेतलेली प्रत एका रिकाम्या एसएसडीवर उतरवली: ३८ मिनिटं. बदलली, सुरू केली, पेजमेकर उघडलं, लॉक सापडलं, एक पत्रिका छापली.

चाचणीत एक महत्त्वाचं सापडलं. डबा दोन तास प्लगमधून काढून ठेवला होता. परत लावल्यावर तारीख १ जानेवारी २०११, आणि बायोसची सगळी मांडणी मूळ अवस्थेला. ऑनबोर्ड लॅन पुन्हा चालू. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, मीटरवर २.४ व्होल्ट, नवा ३ च्या वर असतो. म्हणजे जुन्या बोर्डवर बायोसमधली बंदी त्या सेलच्या आयुष्यापुरती. डिव्हाइस मॅनेजरमधली बंदी आणि कापलेला प्लग टिकून होते, म्हणून वाट उघडली नाही. दोन्ही मशिनांचे सेल बदलले, डब्याच्या आतल्या बाजूला तारीख लिहिली. बायोसच्या मांडणीचे फोटो छापून डब्यात चिकटवले.

९ डिसेंबर – शिल्लक

पीडीएफ ४६० झाल्या, ७२० बाकी. पहिल्यांदा पंचांगं, मग मंडळांचे अहवाल, पत्रिका शेवटी.

हिशेबच्या मशिनला वाढीव अपडेटची पहिल्या वर्षाची की टाकायची आहे. टाकल्यावर अपडेटच्या इतिहासात डिसेंबरची नोंद येते का ते पाहायचं.

पानजुळणी-२ चा स्नॅपशॉट आज नव्याने घेतला, दोन फॉन्ट वाढले म्हणून. हिरव्या पेनड्राइव्हची कळ सैल झाली आहे, खिशात आपोआप सरकते. दुसरा मागवला, तो येताच त्याचे तिन्ही आयडी दोन्ही मशिनांच्या यादीत घालायचे आणि जुन्याचे काढायचे.